इंगल्ड्यूचं नाक

४ सप्टेंबर १९८३, रविवार

आज बासष्ट पूर्ण झाली. लिहायचं मनात नव्हतं, पण चौतीस वर्षं रोज सकाळी वही भरली, हाताला खोड लागलीय. ब्रुअरीत असताना हौदाचं तापमान लिहायचो, बिअरची घनता लिहायचो आणि खाली माझा शेरा. आता हौद राहिले नाहीत. संताप राहिलाय, तोच लिहितो.

दुपारी आमची लेक हिलरी आणि जावईबापू कॉलिन जेवायला आले. बीफ झकास भाजलंय असं सगळे म्हणाले. मला पुठ्ठ्यासारखं लागलं. खाटीक बदलायला हवा. जेवण झाल्यावर कॉलिननं टेबलाखालून एक खोकं काढलं. आत झाकणाची प्लास्टिकची बादली, रबरी नळी, घनता मोजायची काचकांडी आणि एक जाडजूड पत्र्याचा डबा. डब्यावर आमच्या ब्रुअरीच्या फाटकाचं चित्र. वर सोनेरी अक्षरांत ‘इंगल्ड्यूज बेस्ट बिटर. आता घरच्या घरी!’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मिस्टर अर्नशॉ, मला वाटलं तुम्हाला आवडेल,” कॉलिन म्हणाला. लग्नाला आठ वर्षं झाली, अजून मिस्टर अर्नशॉ. “अगदी सोपं आहे. डबा ओतायचा, गरम पाणी, साखर. महिन्याभरात चाळीस पाइंट तयार.”

“सोपं आहे? मग मी चौतीस वर्षं काय करत होतो? पाणी तापवत होतो?”

हिलरी रडायला लागली. माझ्या बायकोनं, विनीनं, बशा आपटल्या. केक न कापताच ती दोघं निघून गेली.

मार्चमध्ये लंडनवाल्या नव्या मालकांनी ब्रुअरीला कुलूप ठोकलं, एकशे दहा माणसं रस्त्यावर आणली, तांब्याची कढई भंगारात काढली. नाव तेवढं ठेवून घेतलं. ते आता डब्यात भरून विकतायत. बंद करायचं कारण काय दिलं? दर्जा घसरला! नोव्हेंबरात आमच्या तीन खेपा पबवाल्यांनी परत पाठवल्या, म्हणे बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. त्या तिन्ही खेपा मी स्वतः चाखून पुढे पाठवल्या होत्या. त्यांत काडीची खोट नव्हती. एकोणीस वर्षं मी मुख्य ब्रुअर होतो. गावात मला ‘इंगल्ड्यूचं नाक’ म्हणायचे. चौकशीत मी खरं ते लिहून दिलं: माझ्या हातून बिअर चोख गेली, तेव्हा खोट पुढे पिंपांत शिरली असणार. पिंपं सेप होलरॉइडच्या ताब्यात असायची. सेप काही बोलला नाही. बोलायला होतंच काय?

७ सप्टेंबर, बुधवार

डबा कोळशाच्या खोलीत फेकला होता. आज परत आणला आणि त्याच्याबरोबरचा कागद वाचला. ‘एक किलो साखर घाला.’ साखर! बिटरसारख्या कडू बिअरमध्ये किलोभर साखर घालणाऱ्याला आमच्या जुन्या मालकांनी फाटकाबाहेर काढला असता.

मग एक कल्पना सुचली. हा डबा मी बनवणार. कागदात लिहिलंय तसाच, अक्षर न चुकता. आणि पंधरा ऑक्टोबरला कामगार क्लबात आमच्या जुन्या माणसांचा मेळावा आहे, तिथे प्रत्येकाच्या हातात ग्लास देणार. बघा म्हणणार, ह्या गटारपाण्यावर त्यांनी आपलं नाव छापलंय. आमच्या ब्रुअरीतल्या नेली पिकल्सचा भाऊ वर्तमानपत्रात आहे. त्यालाही बोलावणार.

विनीला सांगितलं. “काहीतरी कर बाबा,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीच्या त्या फ्लूपासून तू नुसता धुमसतोयस.” ती कपडे वाळत घालून परत आली आणि किंचाळली. ओव्हनमधलं राइस पुडिंग जळून कोळसा झालं होतं आणि मी दोन हातांवर बसलेलो. “धूर दिसत नाही तुला? वास नाही आला?” मी म्हटलं, मी वाचत होतो. चष्मा कागदाकडे असला की माणसाला धूर कसा दिसणार? ओव्हनचं दारही नीट बसत नाही. ते कुणी बघत नाही.

१० सप्टेंबर, शनिवार

बाजारातल्या बिअर-वाइनच्या सामानाच्या दुकानात गेलो. साखर घालायची नाही असं ठरवलं. कागद गेला खड्ड्यात. साखरेऐवजी जवाचा माल्ट आणि वर मूठभर हॉप्सची फुलं. (म्हणजे डब्याला मी मदतच करतोय. करू दे. साखर घालायला माझा हातच धजत नाही.)

दुकानदारीण फार शहाणी. हॉप्स हातात चुरडले, नाकाशी धरले. वासाचं नाव नाही.

“बाई, हे शिळे आहेत,” मी म्हटलं.

“शिळे? परवा केंटहून आलेत. अख्ख्या दुकानात घमघमाट सुटलाय, मिस्टर!”

“मला हॉप्स शिकवताय? मी इंगल्ड्यूचा ब्रुअर आहे.”

“होतात,” ती म्हणाली.

बायकांच्या जिभेला धार लावायचं कुणी मनावर घेतलंय कोण जाणे. हॉप्स घेतले. दुसरं दुकान नाही.

११ सप्टेंबर, रविवार

आज बिअर घातली. डब्यातला माल्ट काकवीसारखा घट्ट, काळा. उकळत्या पाण्यात विरघळवला, हॉप्स मलमलीच्या पुरचुंडीत घालून उकळले, थंड पाणी ओतून बादली भरली. घनता १.०४०. तापमान वीस. एवढं बरोबर आलं की चिडचिडच झाली.

डब्याबरोबरची यीस्टची पुडी फोडणार तेवढ्यात मागच्या दारानं सेप आला. हातात लोणच्याची बरणी, आत पिवळट गाळ.

“हे घाल,” तो म्हणाला.

“काय आहे?”

“इंगल्ड्यू. शेवटच्या दिवशी हौदातून घेतलं. दर आठवड्याला माल्ट पाजून जिवंत ठेवलंय. डोराला वाटतं मी फ्रिजमध्ये कसलातरी प्राणी पाळलाय.”

“चोरलंस?”

“ते लोक गटारात ओतत होते, क्लिफ. नव्वद वर्षांचं यीस्ट. गटारात! चोरी कुणाची झाली, सांग.”

मी बरणी ओतली. सेपनं बादलीवर वाकून खोल श्वास घेतला आणि डोळे मिटले. मीही घेतला. प्लास्टिकच्या बादलीत काय कळणार?

चहा पिताना सेपनं सांगितलं, रॉथरडेलच्या ब्रुअरीनं त्याला नोकरीला नाही म्हटलं. आतापर्यंतची ही तिसरी. का, म्हणून विचारलं तर कपाकडे बघत म्हणाला, “वय.” चोपन्नाव्या वर्षी! असा तळघराचा मुकादम सगळ्या यॉर्कशरमध्ये मिळणार नाही. माणसाची कदर म्हणून राहिली नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार

फेस बादलीच्या काठाला आलाय, फुलकोबीसारखा. असाच यायचा. दिवसातून चारदा झाकण उघडून बघतो.

विनी जिन्यात उभी राहून डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, “घराला तुझ्या कोटाचा वास येतोय. चौतीस वर्षं तू हाच वास घेऊन घरी यायचास.”

मी बादलीच्या शेजारी उभा होतो, मला काही येत नव्हता. बायका काहीही मनाचं घेतात.

२४ सप्टेंबर, शनिवार

घनता १.०१०, तीन दिवस तीच. आज बाटल्या भरल्या. सेप नळी धरायला आला. प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर, ही मात्र घालावीच लागते. चाळीस बाटल्या. सेपनं तळाशी राहिलेली घोटभर चाखली आणि परसाकडे बघत बसला.

“बोल की,” मी म्हटलं.

“थांब अजून. मेळाव्यात बोलू.”

मी चाखली. जिभेवर कडूपणा आहे, किंचित गोडी आहे. मागे काहीच नाही, जणू दार उघडलं आणि पलीकडे खोलीच नाही. जे म्हणत होतो तेच. डबा तो डबाच.

४ ऑक्टोबर, मंगळवार

आज डोकं फिरलं. विनी चर्चच्या बायकांकडे गेली होती, मी स्वयंपाकघरात बसून मेळाव्यातलं भाषण लिहीत होतो. शेजारची मिसेस ग्रीनहॉल्श दार न वाजवता आत घुसली, खिडक्या सताड उघडल्या, गॅसचा खटका बंद केला आणि मला दंडाला धरून परसात ओढलं. मला! माझ्या घरातून!

“मला माझ्या स्वयंपाकघरापर्यंत वास आला, मिस्टर अर्नशॉ! काडी पेटवली असतीत तर?”

किटली ठेवताना खटका अर्धवट फिरला असेल. कुणाचाही फिरतो. विनी आली तेव्हा ती बाई अजून परसात थरथरत उभी होती. विनीनं मला समोर बसवलं.

“क्लिफ, खरं सांग. तुला वास येत नाही ना?”

“मला? मला वास येत नाही?”

“पुडिंग. बीफ. परवा दूध नासलं होतं, तू अख्खा कप प्यालास. मी बघत होते.”

“बघत होतीस? म्हणजे परीक्षा घेतेस माझी? घरात गुप्तहेर पाळलाय मी!”

कप भिंतीवर फेकला. तिच्या आईच्या सेटमधला होता. असं मी कधी केलं नव्हतं. पण असं मला कुणी कधी म्हटलंही नव्हतं. आज सकाळीच मला कॉफीचा वास आला होता. आला होता बहुतेक.

१५ ऑक्टोबर, शनिवार

मेळावा झाला. घडलं तसं लिहितो, नाहीतर उद्या मी स्वतःशीच खोटं बोलेन.

क्लबाच्या मागच्या खोलीत तीसेक माणसं होती. बाटल्या मी दोन खोक्यांतून नेल्या होत्या. नेलीनं भावाला आणलं होतं. ही नेली पिकल्स बाटल्यांच्या विभागाची मुकादमीण, अडीचशे बाटल्यांचा खडखडाट चालू असताना तिचा आवाज फाटकापर्यंत ऐकू यायचा. मी उभा राहिलो, डबा उंच धरला, म्हणालो, “ह्यात त्यांनी आपल्याला कोंबलंय. चाखा आणि सांगा.”

सगळ्यांनी घोट घेतला. मग हर्बर्ट टॉप्लिस, बावीस वर्षं घोड्यांच्या गाडीवरून पिंपं पोचवणारा, सहा फुटी गडी, त्यानं ग्लास टेबलावर ठेवला आणि पंज्यांनी तोंड झाकलं.

“हे आपलं आहे,” तो म्हणाला. “क्लिफ, अरे, हे तर आपलंच आहे.”

“अगदी तेच!” “तोच वास रे, सकाळच्या फाटकाचा!” एकदम गलका झाला. लोक उठून माझी पाठ थोपटायला लागले. मी माझा घोट घेतला. कडू, ओलं, थंड. बाकी शून्य.

मला वाटलं, कीव करतायत. म्हाताऱ्याला वाईट नको वाटायला म्हणून सगळ्यांनी संगनमत केलंय आणि ह्यात सेपचा हात आहे. मी ओरडलो. “हे गटारपाणी आहे आणि तुम्ही लंडनच्या दलालांसारखे त्याची जाहिरात करताय! लाज वाटत नाही? चौतीस वर्षं मी तुम्हाला बिअर पाजली आणि तुम्हाला फरक कळत नाही?”

नेली उठली. “क्लिफ अर्नशॉ, बस खाली. उगाच नाकानं कांदे सोलू नकोस. त्या नाकात आता उरलंय काय? ही चव तुला कळत नाही, म्हणजे नोव्हेंबरातलीही कळली नव्हती.”

“नेली, गप्प बस,” सेप म्हणाला.

“का गप्प बसू? सात महिने तू गप्प बसलायस, काय मिळालं तुला? तीन ठिकाणहून नकार!”

मी सेपकडे वळलो. “काय म्हणतेय ही?”

सेपनं टोपी हातात घेतली होती, तिची कड चुरगाळत होता. “दुसऱ्या खेपेला हौदाशीच दवाखान्याचा वास येत होता, क्लिफ. पिंपात भरायच्या आधी. मी तुला सांगायला आलो होतो. तू म्हणालास, ‘सेप, इंगल्ड्यूचं नाक कोण, तू की मी?’”

असं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मग आठवलं. हसत म्हटलं होतं. सगळे हसले होते.

“मग वर का नाही गेलास? मॅनेजरकडे?”

“तुझ्या डोक्यावरून?” सेप म्हणाला. “मला वाटलं, एवढी वर्षं ह्याचं चुकलं नाही, माझंच चुकत असेल. आणि तिसरी खेप परत आली तोवर तू लिहून दिलं होतंस की पिंपं घाण होती.”

कुणीतरी मागून म्हणालं की ब्रुअरीची जमीन लंडनवाल्यांनी आधीच विकायला काढली होती, कारण मिळालं नसतं तरी बंद केलीच असती. दोघातिघांनी हो हो केलं. मी कोट घेतला आणि निघालो. नेलीच्या भावानं वही मिटून खिशात ठेवलेली दिसली. आभार मानायला हवे होते. मानले नाहीत.

१६ ऑक्टोबर, रविवार

नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

विनीला म्हटलं, डोळ्यांवर पुसणं बांध आणि एकेक नाकाशी धर. तिनं विचारलं नाही कशासाठी. व्हिनेगर, रॉकेल, कापलेला कांदा, तिचं कलोन, बूटपॉलिश, सेपच्या बरणीतलं उरलेलं यीस्ट. रॉकेलनं आणि कांद्यानं नाकात टोचलं, तेवढंच. नावं मी सगळ्यांची चुकीची सांगितली. विनी प्रत्येक वेळी “बरं” म्हणत होती. शेवटी “बरं” म्हणताना तिचा आवाज फुटला.

आधी हिच्यावर चिडलो. मग डॉक्टरांवर, फ्लूवर, लंडनवाल्यांवर. रांगेत सगळ्यांवर चिडून झालं आणि रांगेच्या टोकाला मीच उभा.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले फ्लूनं असं होतं. म्हणाले, वर्ष उलटलंय, परत येईलच असं नाही. म्हणाले, तुम्ही निवृत्त आहात ना, मग फारसं अडायचं नाही. मी तडक टोपी न घेताच बाहेर पडलो. टोपी नंतर विनीनं आणली.

फ्लू सप्टेंबरात. कामावर परत ऑक्टोबरात. खेपा नोव्हेंबरात. महिने मोजायला ब्रुअर लागत नाही. मी रोज सकाळी सात वाजता ग्लास उजेडाला धरत होतो, घोट घेत होतो आणि वहीत ‘उत्तम’ लिहीत होतो. माझ्या लक्षात आलंच नव्हतं का? पहिल्या आठवड्यात एकदा वाटलं होतं की बिअर लांबून बोलल्यासारखी लागतेय. म्हटलं, सर्दी आहे, जाईल. मग मी रंगावर, कडूपणावर आणि सवयीवर चालवलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

जमीन आधीच विकायला काढली होती म्हणे. असेलही. पण त्यांना कारण हवं होतं, ते मी ताटात वाढून दिलं. आणि खापर सेपच्या डोक्यावर फोडलं, खाली सही करून.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

बसनं रॉथरडेलला गेलो. तिथला मुख्य ब्रुअर मिस्टर प्रॉक्टर, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला बघून उठून उभा राहिला. माझं नाव त्याला माहीत होतं. त्यानं अजूनच लाज वाटली.

“सेप होलरॉइडला तुम्ही नाकारलंत,” मी म्हटलं.

“नाइलाज होता, मिस्टर अर्नशॉ. त्याच्या कागदांत चौकशीचा अहवाल आहे. अस्वच्छ पिंपं. तळघरात असा माणूस मी कसा घेऊ? आणि अहवालावर सही तुमचीच आहे.”

“सही माझी. चूकही माझी. बिअर हौदातच बिघडली होती. मला वास येत नाही. गेल्या सप्टेंबरपासून येत नाही.”

त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “हे लेखी द्याल?”

टायपिस्ट मुलीसमोर बसून दिलं. सोळा ओळी. राग अनावर होत होता. कुणावरचा राग ते विचारू नका. ती मुलगी मान वर करत नव्हती.

निघताना प्रॉक्टरनं शिष्टाचार म्हणून त्यांच्या बिटरचा ग्लास पुढे केला. आमच्या धंद्यात पाहुण्याला असं हात हलवत पाठवत नाहीत. “कशी वाटते?” त्यानं सवयीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

मी ग्लास उजेडाला धरला. रंग सुरेख, फेस घट्ट. काहीतरी म्हणता आलं असतं. एकोणीस वर्षांचे शब्द तोंडात तयार होते.

“मला कळत नाही,” मी म्हटलं.

२६ ऑक्टोबर, बुधवार

वाटलं होतं सेप खूश होईल. प्रॉक्टरनं सकाळीच त्याला फोन केला होता. मी दार वाजवलं, सेप उंबऱ्यात आला, आत ये म्हणाला नाही.

“कुणाला विचारून गेलास?” तो म्हणाला.

“सेप, मी त्यांना खरं सांगितलं...”

“त्यांना! रॉथरडेलच्या परक्या माणसाला! आणि मला? क्लबातून तोंड फिरवून गेलास त्याला आज अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी ह्या दाराकडे बघतोय. मला वाटत होतं, येईल, म्हणेल, सेप, चुकलं. दोन शब्द! ते जड झाले आणि सोळा ओळी लिहायला बसमध्ये बसून गेलास!”

सेपला ओरडताना मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. गल्लीतले पडदे हलले. मागे डोरा उभी होती, तिनं त्याला थांबवलं नाही.

“तिसऱ्या नकारानंतर डोरा म्हणाली, क्लिफला सांग की त्याच्यामुळे झालं. मी म्हटलं, नको, त्याची ब्रुअरी गेलीय, तो खचेल. माझं काय गेलं होतं? माझं नाव गेलं होतं, क्लिफ! घाण पिंपांवाला!”

“चुकलं,” मी म्हटलं.

“आता नको,” सेप म्हणाला आणि दार लावलं.

घरी येताना मी दात आवळून चालत होतो. त्याच्यावर चिडायला एकही जागा सापडत नव्हती.

१३ नोव्हेंबर, रविवार

हर्बर्टकडून कळलं, सेप उद्यापासून रॉथरडेलला लागतोय. तळघरात, पण मुकादम म्हणून नाही. मुकादमाची जागा भरली होती.

कॉलिनला फोन केला. “तो डबा अजून मिळतो का?”

“मिळतो,” तो घाबरत म्हणाला. “पण तुम्हाला नक्की...”

“एक आण. आणि हे बघ, ते मिस्टर अर्नशॉ बंद कर. क्लिफ म्हण. आठ वर्षं झाली.”

“बरं, मिस्टर... क्लिफ,” तो म्हणाला.

का आणवतोय ते विनीनं विचारलं. मला आकड्यांवर बिअर करता येते का ते बघायचंय. तापमान, घनता, दिवस. नाक गेलं, डोकं तर जागेवर आहे. विनी म्हणाली, “डोकं जागेवर आहे, ताळ्यावर नाही.” आठवड्यातली तिची पहिली थट्टा.

२० नोव्हेंबर, रविवार

दुसरा डबा घातला. घनता १.०४१. पहिल्या खेपेच्या तळाचं यीस्ट ठेवलं होतं, तेच घातलं. सगळं दोनदा उकळून घेतलं.

४ डिसेंबर, रविवार

फेस बसला. घनता १.००९. आकडे चोख. आज बाटल्या भरायच्या म्हणून टेबलावर मांडून ठेवल्या होत्या.

अकरा वाजता मागचं दार उघडलं. सेप. अंगात चर्चचा कोट. मला काही म्हणाला नाही, विनीला मान लववली. टेबलावरच्या बाटल्यांकडे बघितलं, सरळ बादलीशी गेला, झाकण उचललं, वाकला. लगेच मागे झाला.

“दवाखाना,” तो म्हणाला.

आकडे बरोबर होते. रंग बरोबर होता. मी सकाळी चाखली होती, जिभेला काही लागलं नव्हतं. मी बादलीचा एक कान धरला.

सेपनं दुसरा धरला. दोघांनी मिळून चाळीस पाइंट परसातल्या गटाराशी नेले आणि ओतले. फेस दगडांवर पसरला, बर्फासारखा. त्याच्या बुटांवर उडाला, त्यानं शिवी हासडली. मी पण हासडली.

“चहा?” विनीनं दारातून विचारलं.

“डोरा वाट बघतेय,” सेप म्हणाला आणि गेला. फाटकाशी थांबून मागे न वळता म्हणाला, “ती बादली फेकून दे. प्लास्टिकला चरे पडले की त्यात जंतू धरतात. नवीन घे.”

विनी परसात नाकाला एप्रन लावून उभी होती. “गुरुवारपासून येतोय हा वास,” ती म्हणाली. “मी बोलले नाही. म्हटलं, परत कप फेकशील.”

माझ्या डोक्यात पुन्हा तिडीक उठली. चार दिवस! चार दिवस माहीत असून!

“विनी, पुढच्या वेळी त्याच दिवशी सांग,” मी म्हटलं. “मी ओरडलो तरी सांग. माझं ऐकू नकोस.”

तिनं मान हलवली, मग आत जाऊन खिडक्या उघडल्या. घर गार पडलं. बाहेर उभा राहून मी दगडांवर पाणी मारत राहिलो आणि मधूनमधून तिला विचारत राहिलो, गेला का वास? प्रत्येक वेळी ती म्हणाली, अजून नाही. मी आणखी पाणी मारलं.